बोलपटाचा कान

'बोलपट' हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी तो सहज येत असे. चित्र बोलू लागले याचे अप्रूप त्या शब्दात साठवलेले होते. अप्रूप ओसरले तसा शब्दही मागे पडला. पडद्यावरचा माणूस ओठ हलवतो आणि त्याचे बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येते, यात आज कोणालाच विशेष वाटत नाही. तथापि ते बोलणे कोणीतरी, कोठेतरी, कोणत्यातरी यंत्राने टिपलेले असते, आणि टिपताना काय घ्यावे व काय टाकावे हेही त्याने ठरविलेले असते. नटनट्यांची आणि दिग्दर्शकांची चरित्रे विपुल आहेत, छायालेखकांवरही लिहिले गेले आहे. ध्वनिमुद्रकाच्या वाट्याला मात्र श्रेयनामावलीतील एक ओळ येते. त्याच्या हातातील दोन साधनांचा, म्हणजे मायक्रोफोनचा आणि आवाजातील खर्जाचा भाग वगळणाऱ्या 'लो-कट फिल्टर' नावाच्या गाळणीचा, इतिहास प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा विचार आहे. विषय यंत्रांचा आहे खरा. परंतु त्यात अडकलेला प्रश्न माणसाच्या आवाजाचा आहे.

प्रथम गाळणीविषयी. आवाज म्हणजे हवेचे कंपन, हे आपण सर्वांनीच शाळेत शिकलेलो आहोत. दर सेकंदाला होणारी कंपने हर्ट्झ या मापात मोजतात. बोलताना पुरुषाचा मूळ स्वर साधारणतः ८५ ते १८० हर्ट्झ आणि स्त्रीचा १६५ ते २५५ हर्ट्झ या टप्प्यात असतो. शब्द कळतात ते मात्र त्याच्या कितीतरी वर, एक हजार हर्ट्झच्या पलीकडे, जेथे 'त', 'क', 'स' ही व्यंजने एकमेकांपासून वेगळी होतात. उलट मोटारीची घरघर, पावलांचा जमिनीतून येणारा धक्का, वाऱ्याचा झोत यांचे बळ बहुतांशी शंभर हर्ट्झच्या आत एकवटलेले असते. तेव्हा खालचा भाग कापला की गोंगाट जाईल आणि शब्द उरतील, असा सरळ हिशेब मांडता येतो. जुनी टेलिफोनव्यवस्था हाच हिशेब करीत असे. ३०० हर्ट्झच्या खालचे ती जवळजवळ काहीच वाहून नेत नसे. म्हणजे वडिलांच्या आवाजातील मूळ स्वर तारेतून येतच नसे. तरीही पहिल्या शब्दाला आपण त्यांना ओळखीत होतो. वरच्या स्वरांच्या मांडणीवरून हरवलेला मूळ स्वर आपला कान आणि मेंदू मिळून स्वतःच भरून काढतात. कानाची ही उदारता ध्वनिमुद्रकाच्या पथ्यावर पडते आणि तीच त्याला मोहातही पाडते. कारण टेलिफोनवरचे वडील ओळखू येतात, पण ते खोलीत आल्यासारखे वाटत नाहीत.

आता इतिहासाकडे वळू. वॉर्नर बंधूंचा 'द जॅझ सिंगर' ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झळकला. त्यात गाणी होती आणि बोललेली वाक्ये थोडीच. संपूर्ण बोलका असा पहिला दीर्घपट 'लाइट्स ऑफ न्यूयॉर्क' हा १९२८ मधील. त्या काळी सर्वत्र वापरात असलेला कार्बनचा मायक्रोफोन सतत खरखरत असे. चित्रपटासाठी उपयोगी पडला तो वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत ई. सी. वेन्टे यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलेला कंडेन्सर मायक्रोफोन. ताणून बसविलेला धातूचा पातळ पडदा हा त्याचा जीव. त्याचा आवाज स्वच्छ असे, पण विजेचा संदेश इतका क्षीण की तो वाढविणारे यंत्र पाठीलाच जोडावे लागे, आणि सगळे प्रकरण अवजड होऊन बसे. शिवाय तो चहूबाजूंचे ऐकत असे. नायिकेचा उसासा आणि कॅमेऱ्याची टिकटिक यांत त्याच्या लेखी काही फरक नव्हता.

परिणाम असा झाला की कॅमेरा आणि तो चालविणारा यांना काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात कोंडण्यात आले. आवाज करणारे आर्क दिवे जाऊन साधे तारेचे दिवे आले. नट फुलदाणीत, दिव्याच्या बैठकीत किंवा टेबलावरच्या वस्तूंत लपविलेल्या मायक्रोफोनजवळ येऊन बोलू लागले आणि तेथून हलेनासे झाले. १९५२ चा 'सिंगिन इन द रेन' ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो प्रसंग आठवेल: मायक्रोफोन आधी झुडपात लपवितात, नायिका मान वळवते आणि वाक्य अर्धे राहते, मग तो तिच्या पोशाखात दडवितात, तर तिच्या हृदयाची धडधड शब्दांवर मात करते. प्रसंग विनोदी असला तरी त्यात तांत्रिक सत्य आहे. हृदयाचा ठोका हा अगदी खर्जातला आवाज. हाडांतून आणि कापडातून तो पायी चालत यावा तसा सहज येतो. आजही छातीवर चिमुकला मायक्रोफोन लावताना ध्वनिमुद्रकाला छातीच्या घुमाऱ्याशी आणि कपड्याच्या सळसळीशी झगडावे लागतेच.

यातून सुटकेचा मार्ग निघाला तो काठीने. १९२८ च्या 'बेगर्स ऑफ लाइफ'च्या वेळी विल्यम वेलमन यांनी मायक्रोफोन झाडूच्या दांड्याला बांधून नटांबरोबर नेला, असे सांगतात. १९२९ च्या 'द वाइल्ड पार्टी'त डोरोथी आर्झनर यांनी मासे धरण्याच्या गळाच्या काठीला तो टांगला, असेही सांगतात. पहिलेपणाचा हा वाद सोडविण्याचे कारण नाही. मायक्रोफोन फुलदाणीतून निघून नटाच्या डोक्यावर गेला आणि त्याच्याबरोबर चालू लागला, ही आमच्या मते या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. भोवतीचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. दोन हात जवळ गेल्याने जे साधते ते कोणतीही गाळणी साधू शकत नाही.

याच वेळी मुंबईत काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात लागला. इम्पीरियल फिल्म कंपनीचा स्टुडिओ ग्रँट रोडजवळ, रेल्वेच्या रुळांलगत होता. वसई-विरारकडून चर्चगेटला जाणाऱ्या आपल्या वाचकांनी ते स्टेशन हजारदा पाहिले असेल. तेव्हाच्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या गाड्या दर काही मिनिटांनी जात आणि मायक्रोफोन इमानाने त्यांचीही नोंद करीत. गाळणीने गाडीचा गडगडाट थोडाफार कमी झाला असता. पण चाकांचा खणखणाट आणि इंजिनाची शिट्टी ही शब्दांच्याच टप्प्यात येऊन बसतात, तेथे गाळणीचा उपाय चालत नाही. त्यातून 'तानार' नावाच्या ज्या यंत्रावर काम चालले होते ते चित्र आणि आवाज एकाच फितीवर उमटवीत असे. त्यामुळे मागाहून आवाज वेगळा काढून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. अमेरिकेतून आलेले विल्फर्ड डेमिंग यांच्याकडून इराणी यांनी ध्वनिमुद्रणाचे पहिले धडे घेतले आणि पुढे बरेचसे काम स्वतः पत्करले. त्यांनी उपाय योजला तो असा: रात्री गाड्या थांबल्या की एक ते चारच्या सुमारास, मायक्रोफोन जागोजाग दडवून चित्रण करायचे. आवाज गाळता येत नव्हता, म्हणून इराणी यांनी वेळच गाळून घेतली. रात्रीच्या रात्री जागून मिळविलेल्या त्या आवाजाची आज एकही प्रत हयात असल्याचे आढळलेले नाही.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी भाषा पडद्यावर बोलू लागली. प्रभातचे ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामले सांभाळीत. हेच दामले पुढे फत्तेलाल यांच्यासह 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक झाले (१९३६). आवाज टिपणारा माणूस दिग्दर्शकाच्या जागी बसला की काय घडते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तो चित्रपट डोळे मिटून दहा मिनिटे ऐकावा.

अमेरिकेत १९३१ च्या सुमारास आर.सी.ए. कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी रिबन मायक्रोफोन प्रचारात आणला. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगलेली धातूची अतिशय पातळ पट्टी, एवढीच त्याची रचना. तो पुढचे आणि मागचे ऐके. दोन्ही बगलांना मात्र बहिरा. प्रथमच ध्वनिमुद्रकाच्या हाती निवड आली: बहिरी बाजू कॅमेऱ्याकडे आणि ऐकती बाजू नटाकडे. पण या गुणाबरोबर एक खोड आली. दिशा ओळखणारा कोणताही मायक्रोफोन तोंडाजवळ नेला की खर्ज फुगवतो. रिबनमध्ये हा दोष इतका ठळक होता की आर.सी.ए.ने काही नमुन्यांच्या पोटातच एक सोय ठेवली. संगीतासाठी 'एम' आणि बोलण्यासाठी 'व्ही' अशा जोडण्या असत. 'व्ही'वर आणले की खालचा भाग उतरे. गाळणी अशा रीतीने मायक्रोफोनच्या आत जाऊन बसली.

परंतु चित्रपटातील संवादांचा खर्ज कापण्यामागे याहून खोल कारण होते, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आपला कान सर्व स्वरांना सारखाच दाद देत नाही. आवाज हळू असेल तर खर्ज त्याला फारच कमी ऐकू येतो. आवाज वाढविला की खर्ज इतर स्वरांपेक्षा अधिक वेगाने वर येतो. आता चित्रपटगृहात काय होते ते पाहा. नट टेबलाशी बसून हलक्या आवाजात बोललेला असतो. चित्रपटगृहात तेच बोलणे शेवटच्या रांगेसाठी मोठे करून ऐकविले जाते. तेव्हा खर्ज प्रमाणाबाहेर उसळतो आणि कुजबुजणारा नायक माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून हॉलिवूडच्या स्टुडिओंनी १९३० च्या दशकातच संवादांचा खालचा भाग ठरवून उतरता ठेवण्याची पद्धत पाडली. हवेतला आवाज जसाच्या तसा टिपला तर प्रेक्षकाला तो जसाच्या तसा वाटत नाही. तो तसा वाटावा म्हणून त्यातून काही वजा करावे लागते.

येथे आम्हांला एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. खर्ज कापण्याची कारणे दोन. एक, आवाजाला त्याचे मूळ प्रमाण परत देणे. दोन, जागेचा गोंगाट झाकणे. पहिले कारण रास्त आहे. दुसरे बहुधा सोयीचे. दोन्ही कामांना कळ मात्र एकच, आणि घोटाळा होतो तो तेथेच. जागा वाईट निवडली, पंखा बंद करायला सांगण्याचा संकोच वाटला, मायक्रोफोन दूर राहिला, की हात आपसूक कळीकडे जातो. गाळणी म्हणजे तुटलेला कडा नव्हे, तो उतार असतो. दर सप्तकाला ६, १२ किंवा १८ डेसिबल असे त्याचे चढउतार मोजतात. ८० हर्ट्झपासून खाली जाणारा तीव्र उतार पुरुषाच्या आवाजाला जेमतेम शिवतो. २०० हर्ट्झपासून सुरू होणारा उतार, सौम्य असला तरी, त्या आवाजाचे अंगच काढून नेतो. आपल्याकडील विजेची घूं ५० हर्ट्झची. ती गाळली तरी तिची १०० आणि १५० ची भावंडे मागे राहतात, आणि त्यांच्या मागे लागले की वडिलांचा आवाज पुन्हा टेलिफोनवर जातो. घुमणाऱ्या खोलीचेही तसेच. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर, तिला भिंतीवर टांगलेली चादर काय अडविणार? उंच छताच्या चर्चमध्ये वेदीवरून बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना याचा अनुभव दर रविवारी येतो. व्यंजने विरून जातात, हुंकार तेवढा तरंगत राहतो.

भारतीय चित्रपटाने या प्रश्नातून फार टोकाची वाट काढली. साठच्या दशकात रंग आले, चित्रण स्टुडिओबाहेर काश्मीरला आणि समुद्रकिनाऱ्यावर गेले, आणि हलका पण खडखडणारा आरीफ्लेक्स कॅमेरा सर्वांच्या हाती आला. बघ्यांची गर्दी, जनरेटर आणि कॅमेरा यांच्या त्या गदारोळात मूळ आवाज वाचविण्याचा खटाटोप सोडून देण्यात आला. जागेवर टिपलेला आवाज केवळ खुणेपुरता. खरे संवाद नटांनी काही महिन्यांनी अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे पाहत पुन्हा म्हणायचे. यालाच 'डबिंग' म्हणतात. कोणी खालचा भाग गाळला, कोणी वरचा. आम्ही सर्वच गाळले! डबिंग करणाऱ्या नटांचे कौशल्य आम्ही कमी लेखीत नाही. ओठांच्या हालचालीला शब्द चिकटविणे ही अवघड कला आहे. पण धावून आलेल्या माणसाचा धाप लागलेला श्वास वातानुकूलित खोलीत खुर्चीवर बसून आठवावा लागतो, आणि समोरच्या नटाकडे पाहून घशात अडकलेला शब्द त्याच्या अनुपस्थितीत पुन्हा अडकवावा लागतो. काही सन्माननीय अपवाद वगळता दोन-तीन पिढ्यांतील आपल्या नटांचे त्या क्षणीचे बोलणे असे खुणेच्या फितींबरोबर गेले.

इतरत्र मात्र मायक्रोफोन दूरचे ऐकायला शिकत होता. स्टीफन कुडेल्स्की यांचे खांद्याला अडकविता येणारे 'नाग्रा' हे ध्वनिमुद्रणयंत्र पन्नाशीच्या अखेरीस कॅमेऱ्याच्या गतीशी बांधले गेले ('नाग्रा' या पोलिश शब्दाचा अर्थच 'मुद्रित करील' असा), आणि साठच्या दशकात जर्मनीतील झेन्हायजर कंपनीचे लांब नळीचे मायक्रोफोन आले. बंदुकीसारखा आकार म्हणून त्यांना 'शॉटगन' म्हणू लागले. या नळीची युक्ती मोठी सुंदर आहे. नळीच्या बाजूला चिरा असतात. समोरून येणारा आवाज नळीतून आणि चिरांतून एकाच वेळी पडद्यापर्यंत पोहोचतो; बाजूने येणारा आवाज प्रत्येक चिरेतून थोडा मागेपुढे पोहोचतो आणि स्वतःलाच खोडून काढतो. या कामाबद्दल फ्रिट्झ झेन्हायजर यांना १९८७ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

परंतु युक्तीला मर्यादा आहे, आणि तीच आमच्या दोन साधनांना एकत्र बांधते. आवाजाची लहर नळीपेक्षा आखूड असेल तरच हे खोडणे जमते. प्रसिद्ध 'एमकेएच ४१६' सुमारे २५ सेंटिमीटर लांब. म्हणजे साधारण १,३०० हर्ट्झच्या खाली नळीचा प्रभाव ओसरू लागतो. त्याहून दुपटीहून लांब असलेल्या '८१६' ची मजल सहाशे हर्ट्झच्या आसपास संपते. त्याखाली ही बंदूक साध्या दिशादर्शक मायक्रोफोनइतकीच राहते, आणि मोटारींची घरघर बगलेतून आत येते. म्हणून नळीच्या मायक्रोफोनला गाळणीची सोबत लागते. बंद खोलीत तर दुसरीच पंचाईत होते. भिंतींवरून परतणारे आवाज बाजूच्या चिरांत शिरतात, अर्धवट खोडले जातात, आणि नट मान वळवताच आवाजाचा रंग बदलतो. तेव्हा घराबाहेर नळी आणि घरात आखूड मायक्रोफोन, असा संकेत ध्वनिमुद्रकांनी पाडला. घरातल्या कामासाठी कार्ल्सरुहे येथील शोप्स कंपनीच्या 'एमके ४१' ने नाव मिळविले. त्या कंपनीने गाळणीची जागाही विचारपूर्वक निवडली. तिची 'कट १' ही गाळणी मायक्रोफोनच्या डोक्यात आणि आवाज वाढविणाऱ्या भागात मध्ये बसते. काठीचा धक्का किंवा वाऱ्याचा झोत यांनी वाढविणारा भाग एकदा गुदमरला की त्यात शब्दही चिरडले जातात. मागाहून गाळून ते परत येत नाहीत. आमच्याकडील दमट हवेच्या दृष्टीने झेन्हायजरच्या यंत्रांचाही एक गुण सांगायला हवा. त्यांच्यातील विद्युतरचना अशी की ओलाव्याने ती सहसा कुरकुरत नाहीत. कोकणच्या पावसाळ्यात काम करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

हिंदी चित्रपटात मूळ आवाज मानाने परतला तो 'लगान'मुळे (२००१). भुजजवळील कुनरिया येथे गावकऱ्यांच्या प्रचंड जमावात नकुल कामटे यांनी संवाद जागेवरच टिपले. पुढे 'स्लमडॉग मिलियनेअर' प्रत्यक्ष मुंबईच्या रस्त्यांवर ध्वनिमुद्रित झाला, आणि २००९ मध्ये त्याच्या ध्वनिमिश्रणाच्या ऑस्करमध्ये रसूल पूकुट्टी यांचा वाटा होता. ते पुण्याच्या चित्रपट संस्थेचे विद्यार्थी. ती संस्था १९६० पासून ज्या आवारात उभी आहे ते आवार दामल्यांच्या प्रभात स्टुडिओचे.

आजच्या अंकीय यंत्रांनी ध्वनिमुद्रकाचा हात बराच सैल केला आहे. जुन्या फितीवर हळू आवाज खरखरीत बुडे आणि मोठा आवाज फाटे. त्यामुळे जागेवरच खर्ज कापून मोकळी जागा करून घ्यावी लागे. आताच्या २४ बिटांच्या मुद्रणात वरखाली एवढा वाव असतो की जागेवर अगदी थोडे, चाळीस ते ऐंशी हर्ट्झच्या खालचेच, गाळावे आणि उरलेला निर्णय मिश्रणाच्या वेळी चित्र पाहत घ्यावा, हे शहाणपणाचे. कारण घेतलेले मागाहून टाकता येते, टाकलेले परत घेता येत नाही. मायक्रोफोनवरचे केसाळ आवरण, खाली अंथरलेली सतरंजी, बंद केलेला पंखा यांचे काम मात्र कोणत्याही बिटांनी होत नाही. चित्रण एखाद्याच्या घरात असेल तर फ्रिजही बंद करावा लागतो. आणि निघताना तो पुन्हा चालू करण्याचे विसरू नये म्हणून ध्वनिमुद्रक आपल्या मोटारीची किल्ली त्यातच ठेवून देतात, अशी या व्यवसायातील जुनी रीत आहे.

आणखी एक रीत आहे. प्रसंगाचे चित्रण संपले की ध्वनिमुद्रक सर्वांना थांबायला सांगतो आणि अर्धा मिनिट त्या जागेची शांतता टिपतो. दोन वाक्यांमध्ये जेथे तुकडा जोडायचा असतो तेथे ही शांतता घालतात. कोरी फीत घातली तर कानाला भोक पडल्यासारखे वाटते. ही शांतता संवादांसाठी वापरलेल्याच मायक्रोफोनने, त्याच जागेवरून आणि गाळणीची कळ तेथेच ठेवून टिपावी लागते. कळ हलली तर सांधा ऐकू येतो. म्हणून त्या अर्ध्या मिनिटात दिव्यांचे कामगार, रंगभूषाकार, नट आणि दिग्दर्शक असे सगळेच जागच्या जागी उभे असतात आणि घड्याळाकडे एकटा ध्वनिमुद्रक पाहत असतो.